सोडल्यानंतरचे आठ दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या कुठल्याही पानठेल्यावर उभ्या असलेल्या चाळिशीतल्या माणसाला विचारा, तंबाखू कधी सोडून पाहिली का? बहुतेक जण हो म्हणतील. कुणी मुलगी झाली तेव्हा सोडलेली असते, कुणी वडिलांच्या तेरवीला, कुणी पोहरादेवीला नवस बोलून, तर कुणी डॉक्टरने तोंडात बॅटरी मारून पाहिल्यावर. पुढचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही : मग परत कधी सुरू झालं, आणि त्या दिवशी नेमकं काय घडलं होतं? सोडल्याची गोष्ट गावभर सांगितली जाते. परत सुरू झाल्याची गोष्ट माणूस स्वतःपाशीच ठेवतो, कारण ती त्याला नामुष्की वाटते. तंबाखू सोडण्याच्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर ही दडवलेली बाजू आधी पाहायला हवी. मला तर प्रश्नाचं मर्मच तिथे दिसतं. शपथा घ्यायला लावणारे आपल्याकडे भरपूर आहेत. शपथ मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या दाराशी कुणी जावं, याची सोय नाही.

आधी थोडे आकडे. पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या तंबाखूसेवनाची 'गॅट्स' नावाची मोठी पाहणी देशात दोनदा झाली, २००९-१० मध्ये आणि २०१६-१७ मध्ये. महाराष्ट्रात पहिल्या पाहणीत ३१.४ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, दुसऱ्या पाहणीत २६.६ टक्के. उतार आहे, आणि तो चांगलाच आहे. पण आत डोकावलं की वेगळं चित्र दिसतं. विडी-सिगारेट ओढणारे ६.६ टक्क्यांवरून ३.८ वर आले, म्हणजे जवळपास निम्मे झाले. तोंडात तंबाखू धरणारे मात्र २७.६ वरून २४.४ पर्यंतच उतरले. राज्यात धूर सोडणाऱ्या एका माणसामागे चघळणारे सहा आहेत. म्हणून दिग्रससारख्या गावात धूम्रपान सोडण्याबद्दल लिहायला बसलं आणि खर्ऱ्याचं नाव घेतलं नाही, तर लेख अर्धाच राहील.

याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. देशभरातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्क्यांनी आणि तंबाखू चघळणाऱ्यांपैकी ३३.२ टक्क्यांनी आधीच्या बारा महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केला होता. दर तिघांत एक. 'यांना सोडायचंच नसतं' हे आपण किती सहज म्हणून जातो! सोडायचं असतं, सोडलंही जातं. टिकत नाही.

खर्रा तयार होताना जवळून पाहावा. पानठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीवर कातरलेली सुपारी टाकतो, त्यावर तंबाखू, त्यावर चुना आणि पाण्याचे दोन-चार थेंब. पन्नी गुंडाळून ती लाकडी पाटावर तळहाताने घोटतो, दाबून, जोर लावून, सुपारी मऊ पडेपर्यंत. आता काही ठिकाणी घोटायची मशीनही आली आहे. रंग तपकिरी झाला, गोळा जरा कोमट लागायला लागला, की पन्नीला पीळ देऊन रबर लावायचं आणि पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. ती शर्टाच्या खिशात जाते आणि दिवसभर पुरते. एकट्याला नाही, चौघांना. पुडी उघडली की आधी समोरच्यापुढे धरायची, ही रीत आहे.

या साध्या कृतीत रसायनशास्त्र पक्कं बसलेलं आहे. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून भराभर रक्तात शिरतं. सुपारीचं काम वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. तोंड आखडत जाण्याचा जो आजार विदर्भातल्या दंतवैद्यांना रोज दिसतो, ज्यात आधी चार बोटं जायची तिथे दोनच जातात आणि भाजीतलं तिखट सोसत नाही, तो मुख्यतः सुपारीचा. २०१५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन मेंदूतल्या त्याच ग्राहींवर काम करतं, ज्यांच्यावर निकोटिन करतं. म्हणजे खर्रा सोडणारा माणूस एकाच वेळी दोन पदार्थ सोडत असतो. त्याची तुलना सिगारेट सोडणाऱ्या शहरी माणसाशी करून 'तुझ्यात दम नाही' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

इथेच एक फसवी वाट फुटते. विडी सोडली म्हणणारे कितीतरी लोक खरं तर खर्ऱ्यावर आलेले असतात. घरात धुराचा वास नको, लेकराला खोकला होतो, बसमध्ये ओढता येत नाही; २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे. खर्ऱ्याला यातलं काहीच आडवं येत नाही. तो शाळेच्या स्टाफरूममध्ये, तहसीलच्या रांगेत, ट्रॅक्टरच्या सीटवर, कुठेही गालात बसतो. माणसाला मनापासून वाटतं की आपण सुटलो. मेंदूला मात्र निकोटिन पूर्वीइतकंच, कधी कधी जास्तच, मिळत राहतं. उलटही होतं : तोंड उघडेनासं झालं म्हणून खर्रा बंद केला आणि विडी धरली. मी याला सोडणं म्हणणार नाही, आणि आरोग्य खात्याच्या कागदावरही ते सोडणं म्हणून चढू नये.

आता शरीरात काय होतं ते. ओढलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून दोन तास झाले की हात खिशाकडे वळतो, आणि म्हणूनच रात्रभराच्या उपवासानंतर सकाळची पहिली विडी सर्वांत गोड लागते. तंबाखू तुटल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, भूक आणि लक्ष न लागणं सुरू होतं. हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. बद्धकोष्ठही होतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे डॉक्टरही धड बोलत नाहीत. सकाळी तंबाखू घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे खेड्यात तंबाखू न सोडण्याचं फार मोठं कारण आहे. ते बहाणा म्हणून उडवून लावू नये. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं आणि ते थांबलं की काही आठवडे खरंच त्रास होतो. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी-काकडी, गरज पडली तर इसबगोल, एवढं आधीच सांगितलं तर एक मोठी खिंड अडवली जाते.

एकेक तलफ तशी फार टिकत नाही, काही मिनिटांत ओसरते. पण ती मिनिटं कुठे आणि कुणाच्या सोबतीत येतात, यावर सारं ठरतं.

१९७१ मध्ये हंट, बार्नेट आणि ब्रँच या अमेरिकी अभ्यासकांनी हेरॉईन, दारू आणि धूम्रपान सोडलेल्यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले. तिन्ही रेषा जवळपास सारख्याच निघाल्या : सुरुवातीला सरळ कोसळणाऱ्या, मग हळूहळू सपाट होत जाणाऱ्या. २००४ मध्ये ह्यूज आणि सहकाऱ्यांनी मदतीशिवाय सोडणाऱ्यांचे उपलब्ध अभ्यास एकत्र केले. बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परतले होते. सहा महिने ते वर्षभर टिकलेले शंभरात तीन ते पाच होते. हे वाचून निराश होणारे होतील. मला त्यात वाट दिसते, कारण पडझड जर एवढ्या थोड्या दिवसांत दाटीने होत असेल तर मदत कधी पोहोचवायची हे ठरलंच. नवीन वर्षाच्या भाषणापेक्षा आणि ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या फेरीपेक्षा सोडल्यानंतरचा दुसरा, चौथा आणि आठवा दिवस महत्त्वाचा आहे.

दिग्रसच्या शिवारात हे दिवस कुठे अडखळतात, तेही पाहू. पहिली जागा चहा. सकाळच्या चहापाठोपाठ तोंडात काहीतरी जाणं ही वीस वर्षांची जोडी असते, आणि चहा तर सोडायचा नसतो. दुसरी जागा जागल. हरभरा-गहू उभा असताना रानडुक्कर आणि रोही येतात, पंपाची वीज रात्री येते, आणि थंडीत मचाणावर एकट्याला रात्र काढायची असते. तिथे विडी हीच सोबत, ऊब आणि झोप उडवायचं साधन. डिसेंबरात सोडलेली विडी जानेवारीच्या जागलीवर परत येते, यात नवल नाही. तिसरी जागा कापसाची वेचणी : कंबर वाकवून दिवसभर वेचणाऱ्या बाया भूक मारायला आणि थकवा विसरायला तंबाखू धरतात. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात १७ टक्के बायका तंबाखू घेत होत्या, आणि सोडण्याच्या सगळ्या सल्ल्यांत समोर कायम पुरुषच गृहीत धरलेला असतो. चौथी जागा मयत. स्मशानात सरण पेटल्यावर माणसं बाजूला बाभळीखाली बसतात आणि पुडी फिरायला लागते. गलबललेलं मन, रिकामे हात, जुने सोबती. कुणीतरी म्हणतं, "घे नं, एकानं काय होते?" नाही म्हणणं तिथे उद्धटपणा वाटतो. महिनोन्‌महिने टिकलेला माणूस त्या बाभळीखाली घसरतो.

पाहुणचारातून येणाऱ्या या आग्रहाला आपण पुरेसं गंभीरपणे घेतलेलं नाही. दारू सोडलेल्याला निदान शहाणी माणसं आग्रह करत नाहीत. खर्रा सोडलेल्याची मात्र थट्टा होते : सोडला म्हनते भाऊ, पाहू किती दिवस! मित्रांच्या या एका वाक्याने जितके प्रयत्न मोडले असतील तितके कंपन्यांच्या जाहिरातींनीही मोडले नसतील, असं मला वाटतं.

घसरल्यावर मनात काय होतं, याचा नीट विचार अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला. ज्युडिथ गॉर्डनबरोबरचं त्याचं पुस्तक १९८५ चं. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एकदा ओढली जाणं वेगळं आणि पूर्ववत सुरू होणं वेगळं. पहिल्यावरून दुसऱ्यावर माणूस जातो तो मुख्यतः अपराधीपणामुळे. 'मोडलीच आता शपथ, मग एक काय नि दहा काय' हा विचार निकोटिनपेक्षा वेगाने काम करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला खरं तर हे सांगायची गरज पडू नये. मृगात पेरलं, पावसाने दडी मारली, अंकुर जळाले, तर तो दुबार पेरणी करतो. बियाण्याचा खर्च अंगावर पडतो, हंगाम लांबतो, पण एका खंडाने तो वावर सोडून देत नाही. तंबाखूच्या बाबतीत मात्र हाच माणूस पहिल्या खंडाला हात टेकतो, कारण त्याला आणि त्याच्या घरच्यांना हा प्रश्न चारित्र्याचा वाटतो.

म्हणून शपथेबद्दल दोन शब्द. विदर्भात व्यसनाविरुद्ध बोलण्याची परंपरा मोठी आहे. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून लोकांना व्यसनांबद्दल फटकारलं. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी गावोगाव तेच सांगितलं. या हाकांनी माणसं उठली, यात शंका नाही. गावासमोर, देवासमोर शब्द दिला की पहिले काही दिवस निभावतात, कारण मोडायची लाज असते. पण तीच लाज घसरल्यानंतर उलटते. शब्द मोडलेला माणूस मंडळात जायचं टाळतो, ज्याच्यापुढे शपथ घेतली त्याला रस्त्यात चुकवतो, आणि ज्या सोबतीची गरज आता सर्वांत जास्त आहे तीच तो सोडतो. शपथ द्यावी, जरूर द्यावी. पण देणाऱ्याने त्याच वेळी सांगावं की मोडली तर त्याच दिवशी माझ्याकडे ये, मी रागावणार नाही. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणने दारू आणि गर्दच्या बाबतीत हे फार पूर्वीच ओळखलं. तिथे पाठपुरावा हा उपचाराचाच भाग असतो, परत आलेल्याला दार उघडं असतं आणि 'सहचरी' गटातून बायकांनाही सोबत घेतलं जातं. तंबाखूसाठी तालुक्याच्या गावात असं काही उभं राहिलेलं नाही. तंबाखू सोडणाऱ्याचा कोणी रुग्ण म्हणून विचारच करत नाही.

'टेन्शनमुळे घेतो' हे सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण. कापसाचा भाव, बँकेचा हप्ता, सोयाबीनवरचा रोग, मुलीचं लग्न. यवतमाळमध्ये टेन्शन हा पोकळ शब्द नाही, हे सगळा देश जाणतो. तरीही एक गोष्ट सांगायला हवी. विडीने जो ताण उतरल्यासारखा वाटतो, त्यातला बराचसा विडी न मिळाल्यानेच चढलेला असतो. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या आढाव्यात, धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेला आढळला. पण हे लाभ काही आठवड्यांनी येतात आणि त्रास पहिल्याच दिवशी येतो, ही खरी अडचण आहे. पहिल्या पंधरवड्यात माणूस घरच्यांवर खेकसतो आणि बायकोच शेवटी वैतागून म्हणते, जा, खाऊन या एकदाचा. तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं की हे चार दिवसांचं आहे.

औषधांचं आपल्याकडे फारसं कुणाला माहीतच नाही. निकोटिनचं च्युइंगम हे स्वीडनमध्ये ओव्हे फर्नो या शास्त्रज्ञाने विकसित केलं. पाणबुडीतल्या खलाशांना ओढता येत नाही आणि ते तंबाखू चघळून भागवतात, या निरीक्षणातून ती कल्पना निघाली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते बाजारात आलं. आज गम, गोळ्या आणि कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या आपल्या मेडिकल दुकानांतही मिळतात. जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब सांगतो की यामुळे टिकण्याची शक्यता दीडपटीहून थोडी जास्त वाढते, आणि पट्टी व गम जोडीने वापरले तर आणखी. व्हरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन या डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या जुलैमध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात ही औषधं आहेत आणि चघळण्याच्या तंबाखूसाठीही वेगळा सल्ला आहे. भारताच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीत निकोटिनचे हे पर्याय आले. यादीत येणं आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या खिडकीवर मिळणं, यांत अजून अंतर आहे, आणि ते कापणं हे सरकारचं काम आहे.

गम वापरायची रीत न सांगता तो हातात दिला तर फुकट जातो. लोक तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावतात, थुंकीबरोबर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि 'हे काही आपल्याला मानवत नाही' म्हणून पाकीट फेकून दिलं जातं. खरी रीत अशी : हळू चावायचा, तिखटसर चव आली की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा. खर्रा खाणाऱ्याला गालात दाबून ठेवणं शिकवावं लागत नाही, हे त्याच्या बाजूचं आहे. दुसरं, चहानंतर लगेच गम घेऊ नये. आंबट-आम्ल पेयांनी आणि चहा-कॉफीने निकोटिनचं शोषण कमी होतं, पंधरा मिनिटं जाऊ द्यावी लागतात. चहानंतरची तलफ हीच आपल्याकडची सर्वांत जोरकस तलफ, म्हणून गम आधी घ्यायचा आणि चहा थोड्या वेळाने, एवढा बदलही उपयोगी पडतो. गरोदर बाई, हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेला माणूस, यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

एकदम तोडावं की हळूहळू कमी करावं, हा वाद जुनाच. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवडे टिकले, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. नंतरच्या मोठ्या आढाव्यांत दोन्ही रीतींतला फरक असा ठळक उरला नाही. माझं मत एवढंच की हळूहळूला शेवटची तारीख हवी. तारीख नसलेलं हळूहळू वर्षानुवर्षं चालतं.

परत सुरू होऊ नये म्हणून काय चालतं, या प्रश्नावर संशोधनाचं उत्तर प्रामाणिक आणि थोडं कडू आहे. सोडलेल्या माणसाला 'मोहाचे प्रसंग कसे टाळाल' असं नुसतं शिकवण्याचा ठळक फायदा 'कोक्रेन' संस्थेच्या आढाव्यांत सिद्ध झालेला नाही. फायदा दिसला तो औषध जास्त काळ चालू ठेवण्याचा. आणि आपल्या दृष्टीने कामाची गोष्ट अशी की एखादी सिगारेट ओढली गेली तरी पट्टी काढून टाकू नये. घसरल्यानंतरही ती चालू ठेवणारे पुन्हा सावरण्याची शक्यता जास्त असते. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. 'आता काय उपयोग' म्हणत औषध थांबवतात.

भारतातला या बाबतीतला सर्वांत धडा देणारा प्रयोग जुना आहे, आणि तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केला, याचा मराठी वाचकाला विसर पडू नये. डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या एर्नाकुलम, आंध्रातल्या श्रीकाकुलम आणि गुजरातेतल्या भावनगर जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार तंबाखू घेणारे खेडूत निवडले. दरवर्षी घरी जायचं, तोंड तपासायचं, त्या माणसाशी समोर बसून बोलायचं, फोटो दाखवायचे, जोडीला चित्रपट, रेडिओ, वर्तमानपत्रं. औषध नव्हतंच. तुलनेसाठी आधी पाहिलेल्या लोकांपेक्षा इथे सोडणारे लक्षणीय जास्त निघाले, आणि एर्नाकुलम-श्रीकाकुलममध्ये तोंडातल्या चट्ट्यांचं प्रमाणही घटलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. चमत्कार झाला नव्हता. बहुसंख्य लोक तरीही घेतच राहिले. पण पुन्हा पुन्हा जाण्याचा परिणाम होतो, हे खेड्यातच, आपल्याच लोकांत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने विदर्भातल्याच गडचिरोलीत २०१६ पासून चाललेला 'मुक्तिपथ' हा त्याच अंगाने जाणारा, पण गाव आणि पुरवठा या दोहोंना हात घालणारा प्रयत्न आहे. यवतमाळने त्याकडे पाहायला हवं.

पुरवठ्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा-पानमसाल्यावर बंदी आहे. नंतरच्या आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही आले. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवरही बंदी घातली. दोन्ही निर्णय सोडणाऱ्याच्या बाजूचे होते, कारण घसरण पाकिटाने होत नाही, एका सुट्या सिगारेटने होते. पण चौकात पुडी मिळते आणि सुटीही मिळते. पानठेलेवाल्यावर सगळा राग काढण्यात मला अर्थ दिसत नाही. तोही दोन एकर कोरडवाहूवर न भागलेलाच माणूस असतो. बंदी घातली तेव्हा त्याच्या गल्ल्याचा विचार झाला नाही, आणि वरून येणारा माल अडला नाही.

सरकारी व्यवस्थेत काय आहे? राष्ट्रीय क्विटलाइन आहे : १८००-११-२३५६, फुकट. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, नंतर मुंबईत टाटा मेमोरियलच्या केंद्रातूनही चालू झाली, मराठीतून बोलता येतं, आणि २०१८ पासून हा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. खर्ऱ्याच्या पन्नीवर मात्र काहीच छापलेलं नसतं. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. म्हणजे गावात कोण घेतं, याची नोंद व्यवस्थेकडे आहे. नोंद होते, गुण पडतात, आणि तिथेच बहुधा थांबतं. गॅट्सच्या दुसऱ्या पाहणीत, डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. चघळणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना. डॉक्टरलाही धूरच दिसतो, गाल दिसत नाही.

उशीर झालाय असं वाटणाऱ्यांसाठी रिचर्ड डॉल यांचा ब्रिटिश डॉक्टरांवरचा अभ्यास आहे. १९५१ मध्ये सुरू झाला, पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले : सिगारेट साठीला सोडली तर सुमारे तीन वर्षं, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ आणि तिशीला दहा वर्षांचं आयुष्य परत मिळतं. विडी हलकी असते हा समज २००८ मधल्या भारतीय अभ्यासाने खोडला. त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि बायकांचं आठ वर्षांनी कमी भरलं. आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही, हे खरं आहे. पण सुपारी थांबली की आजार पुढे सरकायचा वेग कमी होतो आणि गालात चट्टा असेल तर तो वेळेत सापडतो.

दिग्रस तालुक्यात नवी इमारत किंवा नवी योजना न आणताही काही गोष्टी होऊ शकतात. ज्याने सोडल्याचं सांगितलं त्याच्याकडे आशाताईंनी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी जावं किंवा फोन करावा, आणि या भेटीचा त्यांना वेगळा मोबदला मिळावा. त्यांच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. दवाखान्यात गम फुकट मिळावा आणि औषधनिर्मात्याने तो चावायची रीत दाखवावी. ग्रामपंचायतीत शपथेचा कार्यक्रम असेल त्याच दिवशी घरच्यांनाही बसवून पहिल्या पंधरवड्यातली चिडचिड आणि बद्धकोष्ठ समजावून सांगावं. सोडण्याची तारीख वेचणीच्या आणि जागलीच्या तोंडावर ठरवू नये. पेरणी आटोपून पोळा येईपर्यंतचे दिवस बरे.

आणि काल ज्याची घसरण झाली त्याने आज करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. खिशातली उरलेली पुडी टाकून द्यायची, कुणाला देऊ करायची नाही. काल कुठे, कुणाबरोबर, कोणत्या वेळी घेतली ते कागदावर लिहायचं, कारण पुढच्या वेळी तीच जागा पुन्हा येणार आहे. गम किंवा पट्टी चालू असेल तर बंद करायची नाही. घरात एकाला तरी सांगायचं. आणि पुढची तारीख महिन्याच्या एक तारखेवर किंवा दसऱ्यावर ढकलायची नाही. मधल्या दिवसांत मेंदूची जुनी सवय पुन्हा पक्की होत जाते, म्हणून पुन्हा सुरुवात आजच, दुपारच्या जेवणानंतर करायची.